कोलिस्टिनचे पुनरागमन : बाजूस सारलेल्या एका प्रतिजैविकाचा इतिहास

प्रस्तावना

प्रतिजैविकांचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा शोध लागला, १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि पुढील दोन दशकांत नव्या औषधांची जणू रीघ लागली, असे या इतिहासाचे परिचित स्वरूप आहे. या मांडणीत प्रत्येक नवे औषध जुन्याची जागा घेते आणि जुने औषध पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत जाते. कोलिस्टिन हे औषध मात्र या मांडणीत बसत नाही. १९४९ मध्ये सापडलेले आणि १९५९ पासून रुग्णालयांत वापरात आलेले हे औषध १९७० च्या दशकात विषारी म्हणून बाजूस सारले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ते पुन्हा अतिदक्षता विभागात परतले, आणि तेही अनेक रुग्णांसाठी उरलेला अखेरचा उपाय म्हणून.

प्रस्तुत लेखात कोलिस्टिनच्या या प्रवासाचा आढावा घेतला आहे. एखाद्या औषधाचे 'अंतिम पर्याय' हे स्थान त्याच्या रासायनिक रचनेत नसते, तर इतर औषधांच्या अपयशातून ते निर्माण होते, हे या इतिहासातून स्पष्ट होते. त्याचबरोबर दुसरी एक गोष्टही लक्षात येते. औषध वैद्यकाला नकोसे असते त्या काळात त्याच्या अभ्यासाचे आणि वापराचे काय होते, यावर ते पुन्हा हवे होईल तेव्हा किती उपयोगी पडेल हे अवलंबून असते. कोलिस्टिनच्या बाबतीत या मधल्या काळात अभ्यास थांबला, पण वापर थांबला नाही. या विसंगतीची किंमत आजचा रुग्ण मोजत आहे.

शोध आणि कार्यपद्धती

दुसऱ्या महायुद्धानंतर मातीतील सूक्ष्मजीवांपासून प्रतिजैविके मिळवण्याचे प्रयत्न अनेक देशांत सुरू होते. १९४७ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील तीन स्वतंत्र संशोधक गटांनी बॅसिलस कुळातील मृदाजीवाणूंपासून मिळवलेल्या, परस्परांशी निकटचे साम्य असलेल्या द्रव्यांची माहिती प्रसिद्ध केली. या समूहास पुढे पॉलिमिक्सिन हे नाव रूढ झाले. जपानमध्ये कोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅसिलस पॉलिमिक्सा या जीवाणूच्या कोलिस्टिनस नावाच्या प्रकारापासून १९४९ मध्ये एक द्रव्य वेगळे केले आणि १९५० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच कोलिस्टिन होय. प्रारंभी ते स्वतंत्र औषध मानले जात होते, परंतु १९६० च्या दशकातील रासायनिक अभ्यासांतून कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन ई ही एकाच द्रव्याची दोन नावे असल्याचे सिद्ध झाले. या समूहातील अनेक द्रव्यांपैकी पॉलिमिक्सिन बी आणि कोलिस्टिन ही दोनच रुग्णोपचारात टिकली.

कोलिस्टिनच्या कार्यपद्धतीतच त्याचे सामर्थ्य आणि त्याचा दोष ही दोन्ही दडलेली आहेत. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या पेशीभोवती एक बाह्य पटल असते. या पटलातील लायपोपॉलिसॅकराइडचे रेणू ऋण विद्युतभार धारण करतात आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या धनभारित आयनांमुळे ते एकमेकांशी बांधलेले राहतात. कोलिस्टिनचा रेणू अमिनो आम्लांच्या वलयाचा आणि त्यास जोडलेल्या मेदाम्लाच्या शेपटीचा बनलेला असून त्याच्यावर अनेक धन विद्युतभार असतात. तो कॅल्शियम व मॅग्नेशियमला बाजूला सारून पटलास चिकटतो, शेपटीच्या साहाय्याने आत शिरतो आणि पटलाची घडी विस्कटतो. पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात व जीवाणू मरतो. ग्रॅम-धन जीवाणूंना असे बाह्य पटल नसल्यामुळे त्यांच्यावर या औषधाचा उपयोग होत नाही. प्रोटिअस, सेराशिया यांसारखे काही ग्रॅम-ऋण जीवाणूही त्यास मुळातच दाद देत नाहीत. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी हेच औषध मूत्रातून पुन्हा शोषून घेतात आणि ते त्यांच्यात साठत जाते. मूत्रपिंडास होणाऱ्या इजेचे हे प्रमुख कारण मानले जाते.

पहिला वापर आणि माघार

शिरेवाटे वा स्नायूवाटे देण्यासाठी कोलिस्टिनचे सौम्य रूप असलेले कोलिस्टिमेथेट सोडियम १९५९ पासून उपलब्ध झाले. त्या काळी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूवर परिणामकारक औषधे फारच थोडी होती. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा, मूत्रमार्गाचे संसर्ग आणि रक्तात पसरलेले जंतुदोष यांत या जीवाणूमुळे अनेक रुग्ण दगावत. त्यामुळे नव्या औषधाचे स्वागत झाले.

मात्र दशकभरातच त्याच्या दुष्परिणामांचे वृत्तान्त जमू लागले. १९७० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातील ३१७ उपचारक्रमांची छाननी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश उपचारक्रमांत मूत्रपिंडावर विपरीत परिणाम झाल्याचे दिसून आले. मज्जासंस्थेवरील परिणामांचीही नोंद त्यात होती. हातापायांत व तोंडाभोवती मुंग्या येणे, चक्कर येणे आणि क्वचित प्रसंगी स्नायू शिथिल होऊन श्वसनास बाधा येणे, असे त्यांचे स्वरूप होते. याच सुमारास जेन्टामायसिन आणि त्या वर्गातील इतर औषधे, पुढे तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास इमिपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे उपलब्ध झाली. अधिक सुरक्षित पर्याय हाताशी असताना मूत्रपिंडास धोका पोहोचवणारे औषध कोणी वापरावे? त्या काळाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. चूक निर्णयात नव्हती, त्यानंतर जे घडले त्यात होती.

विस्मृतीची दोन दशके

१९८० ते १९९५ या काळात मानवी वैद्यकात कोलिस्टिनचे स्थान अतिशय आकुंचित झाले. डोळ्यांचे व कानांचे थेंब आणि त्वचेवरील मलमे यांत पॉलिमिक्सिने टिकून राहिली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसांत ठाण मांडून बसणाऱ्या स्यूडोमोनासविरुद्ध कोलिस्टिन वाफाऱ्याच्या रूपाने देण्याची पद्धत ब्रिटन व डेन्मार्कमधील केंद्रांनी १९८० च्या दशकात विकसित केली. शिरेवाटे देण्याचा वापर मात्र बहुतेक ठिकाणी जवळपास थांबला.

यातून पहिला परिणाम ज्ञानाच्या बाबतीत झाला. औषध शरीरात कसे शोषले जाते, रक्तात त्याची पातळी किती राहते आणि किती मात्रा किती वेळाने द्यावी, हे ठरवणारे शास्त्र याच दोन दशकांत परिपक्व झाले. नव्या प्रत्येक औषधाला या कसोट्यांतून जावे लागले. कोलिस्टिन या कसोट्या रूढ होण्यापूर्वीच प्रचारात आले होते आणि त्या परिपक्व होत असताना ते अडगळीत पडले होते. त्यामुळे त्याच्या माहितीपत्रकावरील मात्रा १९६० च्या दशकातील अपुऱ्या मोजमापांवर आधारलेल्या राहिल्या.

दुसरा परिणाम वापराच्या बाबतीत झाला. मानवी वैद्यकाने टाकून दिलेले हे औषध पशुपालनात टिकून राहिले. तोंडावाटे दिल्यास कोलिस्टिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. त्यामुळे डुकरांची पिले, वासरे व कोंबड्या यांच्या आतड्यांतील ई. कोलायच्या संसर्गांवर ते स्वस्त व सोयीचे औषध ठरले. काही देशांत ते आजारावरील उपचारापुरते मर्यादित न राहता जनावरांची वाढ झपाट्याने व्हावी म्हणून निरोगी जनावरांच्या खाद्यातही अल्प प्रमाणात मिसळले जाऊ लागले. ज्या औषधाची माणसाला गरज नाही ते जनावरांना देण्यात हरकत काय, हा त्यामागील विचार वरकरणी तर्कशुद्ध होता. प्रतिरोधाचे जनुक माणूस आणि जनावर असा भेद मानत नाही, हे त्यात विसरले गेले.

पुनरागमन

१९९० च्या दशकात परिस्थिती पालटली. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांचा वापर वाढला तशी त्यांना निष्प्रभ करणारी विकरे तयार करणारे जीवाणू जगभर पसरले. त्यांच्यावर उपाय म्हणून कार्बापेनेम औषधांचा वापर वाढला आणि पाठोपाठ कार्बापेनेमला दाद न देणारे जीवाणू आढळू लागले. असिनेटोबॅक्टर बाउमानी आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा यांनी अतिदक्षता विभागांत ठाण मांडले. १९९६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मिळालेल्या क्लेब्सिएला न्युमोनीच्या एका नमुन्यात केपीसी हे कार्बापेनेमचे विघटन करणारे विकर आढळले. त्याचे वर्णन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यानच्या काळात औषधनिर्मिती उद्योगाचे ग्रॅम-ऋण जीवाणूंवरील संशोधन मंदावले होते. प्रयोगशाळेच्या अहवालात एकामागून एक सर्व औषधांपुढे 'प्रतिरोधी' असा शेरा येऊ लागला, तेव्हा डॉक्टरांना जुन्या औषधाची आठवण झाली. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील रुग्णालयात ५९ रुग्णांच्या ६० संसर्गांवर शिरेवाटे कोलिस्टिन देण्यात आले. त्याचा वृत्तान्त १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्य कोणतेही औषध लागू पडत नसलेल्या या गंभीर रुग्णांपैकी ५८ टक्क्यांत उपचाराचा परिणाम चांगला झाला. न्यूमोनियाच्या रुग्णांत मात्र यशाचे प्रमाण एक-चतुर्थांशच होते. पुढील काही वर्षांत ग्रीसमधील चिकित्सकांनी आपले अनुभव विस्ताराने मांडले. दुष्परिणाम खरे असले तरी जुन्या वृत्तान्तांतून वाटत होते तितके ते सरसकट तीव्र नाहीत आणि योग्य देखरेखीत ते बहुधा आटोक्यात ठेवता येतात, असा निष्कर्ष त्यांतून पुढे आला. १९७० मध्ये ज्या धोक्यामुळे औषध सोडले गेले होते, तोच धोका २००० नंतर स्वीकारार्ह ठरला. औषध बदलले नव्हते. पर्याय उरला नव्हता.

भारतातील अनुभव

भारतात या प्रश्नाला २०१० मध्ये तीव्र रूप आले. नवी दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका भारतीय वंशाच्या स्वीडिश नागरिकाच्या नमुन्यातील क्लेब्सिएला न्युमोनीत कार्बापेनेमचे विघटन करणारे नवे विकर आढळले. २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यास 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजेच एनडीएम-१, असे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि नावावरून मोठा वाद उसळला. शहराच्या नावाने जीवाणूची बदनामी देशाच्या माथी मारली जात असल्याची भावना संसदेत व वृत्तपत्रांत व्यक्त झाली.

या वादात एक महत्त्वाची बाब झाकोळली गेली. लॅन्सेटमधील लेखाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईतील पी. डी. हिंदुजा राष्ट्रीय रुग्णालयातील चिकित्सक व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संघटनेच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले होते. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ आढळले होते. म्हणजेच धोक्याची सूचना परदेशातून येण्यापूर्वी मुंबईतूनच दिली गेली होती आणि ती स्वकीयांनी स्वकीयांसाठी दिली होती. नावाचा वाद जितका रंगला तितकी या निष्कर्षाची चर्चा झाली असती, तर धोरणास अधिक लवकर गती मिळाली असती, असे म्हणण्यास वाव आहे.

एनडीएम-१ असलेल्या बहुतेक जीवाणूंवर त्या वेळी परिणामकारक ठरणारी औषधे दोनच होती, टायजेसायक्लिन आणि कोलिस्टिन. साहजिकच भारतातील मोठ्या रुग्णालयांत कोलिस्टिनचा वापर वाढला. २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन चेन्नई जाहीरनामा तयार केला आणि प्रतिजैविकांच्या विक्रीवर व्यवहार्य नियंत्रण, रुग्णालयांतील संसर्गप्रतिबंध व देखरेख यांचा आग्रह धरला. १ मार्च २०१४ पासून औषध नियमावलीतील 'एच-१' ही नवी अनुसूची लागू झाली आणि तीत समाविष्ट औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांस बंधनकारक झाले. २०१७ मध्ये प्रतिरोधाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला.

मात्रेचा प्रश्न

परत आलेल्या औषधाची मात्रा किती द्यावी, हे निश्चितपणे कोणासही ठाऊक नव्हते. मधल्या काळात खुंटलेल्या अभ्यासाचे परिणाम येथे प्रत्यक्ष दिसून येतात. अडचण औषधाचे मोजमाप करण्यापासूनच सुरू होत होती. काही देशांत औषधाच्या कुपीवर आंतरराष्ट्रीय एककांचा, तर काही देशांत मिलिग्रॅममधील कोलिस्टिनच्या मूळ द्रव्याचा उल्लेख असे. १० लाख एकके म्हणजे कोलिस्टिमेथेटचे सुमारे ८० मिलिग्रॅम, पण मूळ कोलिस्टिनचे केवळ सुमारे ३३ मिलिग्रॅम. एका देशातील लेख वाचून दुसऱ्या देशातील डॉक्टराने मात्रा ठरवली तर ती दुपटीहून अधिक चुकण्याचा धोका होता. २०१३ मध्ये इटलीतील प्राटो येथे झालेल्या पॉलिमिक्सिनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत या परिमाणांबाबत एकवाक्यता घडवून आणण्याचा प्रयत्न झाला.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. कोलिस्टिमेथेट हे स्वतः निष्क्रिय असते. शरीरात त्याचे हळूहळू कोलिस्टिनमध्ये रूपांतर होते आणि त्यापूर्वीच त्याचा मोठा भाग मूत्रावाटे निघून जातो. जुन्या मोजमाप पद्धतीत रक्ताचा नमुना तासन्‌तास उबवला जाई. त्या अवधीत नमुन्यातच हे रूपांतर होत असल्याने रक्तातील पातळी आहे त्याहून अधिक भासत असे. नव्या रासायनिक पृथक्करण पद्धती आल्यावर खरे चित्र उघड झाले. २००९ मध्ये ग्रीसमधील अतिदक्षता विभागांतील १८ रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की, दर आठ तासांनी ३० लाख एकके देऊनही रक्तातील पातळी स्थिरावण्यास दोन ते तीन दिवस लागतात. रक्तातील जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णासाठी नेमके हेच दिवस निर्णायक असतात. त्यानंतर उपचाराच्या आरंभी एक मोठी मात्रा देण्याची पद्धत रूढ होत गेली.

प्रतिरोधाच्या चाचणीतही अशीच त्रुटी होती. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो आगारच्या थरात नीट पसरत नाही. परिणामी, प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी चकती पद्धत या औषधासाठी भरवशाची ठरत नाही. द्रवमाध्यमात औषधाच्या उतरत्या प्रमाणांची मालिका करून घेतली जाणारी चाचणी हीच प्रमाणभूत असल्याचे २०१६ मध्ये अमेरिकी व युरोपीय मानक संस्थांनी संयुक्तपणे स्पष्ट केले. हे होईपर्यंत अनेक ठिकाणी चकतीच्या निष्कर्षावर उपचाराचा निर्णय होत राहिला.

२०१५ चा इशारा

१८ नोव्हेंबर २०१५ रोजी चीनमधील संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि कोलिस्टिनच्या इतिहासास वेगळे वळण मिळाले. तोपर्यंत कोलिस्टिनचा प्रतिरोध हा जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातील बदलांमुळे येतो आणि त्यामुळे तो त्या जीवाणूच्या वंशापुरताच मर्यादित राहतो, अशी समजूत होती. शांघायमधील वराहपालन केंद्रातील ई. कोलायच्या एका नमुन्यात मात्र हा गुणधर्म प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर आढळला. या जनुकास एमसीआर-१ असे नाव देण्यात आले. तपासलेल्या नमुन्यांपैकी जनावरांतील ८०४ पैकी १६६, कच्च्या मांसातील ५२३ पैकी ७८ आणि रुग्णांतील १३२२ पैकी १६ नमुन्यांत ते सापडले. जनावर, मांस आणि माणूस या क्रमाने उतरत जाणारे हे प्रमाण जनुकाच्या प्रवासाची दिशा सूचित करणारे होते. पुढील काही महिन्यांत अनेक खंडांतील देशांनी आपल्या जुन्या संग्रहांतील नमुने तपासले आणि हे जनुक आढळल्याचे कळवले. चीनमधील कोंबड्यांपासून १९८० च्या दशकात गोळा केलेल्या नमुन्यांतही ते मिळाले. मानवी वैद्यक कोलिस्टिनला विसरले होते, त्याच काळात त्याचा प्रतिरोध पशुपालनात आकार घेत होता.

येथे समतोल राखणे आवश्यक आहे. रुग्णालयांतील कोलिस्टिन-प्रतिरोधाचा सगळा दोष पशुपालनावर टाकता येणार नाही. भारतातील रुग्णालयांत आढळलेल्या कोलिस्टिन-प्रतिरोधी क्लेब्सिएलाच्या अभ्यासांत प्रामुख्याने एमजीआरबी या जनुकातील बिघाड, म्हणजे जीवाणूच्या गुणसूत्रातील बदल दिसून आले आहेत. असे बदल रुग्णालयातील वापराच्या दाबाखालीच निवडले जातात. तेव्हा प्रतिरोधाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एक पशुपालनातून येते आणि दुसरी अतिदक्षता विभागातून. एकीवर पहारा ठेवून दुसरी मोकळी सोडल्यास रक्षण होत नाही.

नियंत्रणाचे प्रयत्न

चीनने खाद्यात वाढवर्धक म्हणून कोलिस्टिन मिसळण्यावर घातलेली बंदी २०१७ मध्ये अमलात आली. तिचा परिणाम तपासणाऱ्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत डुकरे, कोंबड्या आणि निरोगी माणसे या तिन्हींमध्ये एमसीआर-१ जनुकाचे प्रमाण घटल्याचे आढळले. वापर थांबवल्यावर प्रतिरोध ओसरू शकतो, याचा हा दुर्मीळ व आश्वासक पुरावा होय. युरोपीय संघाने वाढवर्धक म्हणून प्रतिजैविकांचा वापर १ जानेवारी २००६ पासूनच थांबवला होता. २०१६ मध्ये युरोपीय औषध संस्थेने जनावरांच्या उपचारातील कोलिस्टिनचा वापरही मोठ्या प्रमाणात घटवण्याची शिफारस केली.

भारतात १९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६-अ अन्वये अधिसूचना काढली. तीद्वारे अन्न देणारी जनावरे, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातील पूरके यांसाठी कोलिस्टिन व त्याच्या मिश्रणांचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घालण्यात आली. रुग्णालयांनी या औषधाचा आधार घ्यायला लागून एक दशक लोटल्यानंतर हा निर्णय झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये पॉलिमिक्सिनांचा समावेश मानवी वैद्यकासाठी सर्वोच्च अग्रक्रमाच्या प्रतिजैविकांत आणि त्याच वर्षी आवश्यक औषधांच्या यादीतील 'राखीव' गटात केला होता.

आजचे स्थान

कोलिस्टिनच्या वैद्यकीय मूल्यमापनातही अलीकडे बदल झाला आहे. इस्राएल, ग्रीस व इटली येथील ४०६ रुग्णांवरील आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत केवळ कोलिस्टिन आणि कोलिस्टिनसह मेरोपेनेम यांची तुलना करण्यात आली. जोडऔषधाने लक्षणीय लाभ होत नाही, असे आढळले. उपचार अयशस्वी ठरल्याचे प्रमाण दोन्ही गटांत ७० टक्क्यांहून अधिक होते. यातून या औषधाची मर्यादा स्पष्ट होते. २०२० मध्ये अमेरिकी मानक संस्थेने कोलिस्टिनसाठी 'संवेदनक्षम' हा शेराच रद्द केला. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल अनुकूल असला तरी त्याचा वाचन 'मध्यम' असेच करावे लागते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार रक्तातील व शरीरभर पसरलेल्या संसर्गांसाठी पॉलिमिक्सिन बी अधिक पसंतीचे मानले गेले, तर मूत्रमार्गाच्या संसर्गांत कोलिस्टिनला अग्रक्रम देण्यात आला, कारण मूत्रात उतरलेल्या कोलिस्टिमेथेटचे तेथे कोलिस्टिनमध्ये रूपांतर होते. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम, त्यासोबत दिले जाणारे अझ्ट्रिओनाम आणि सेफिडेरोकॉल ही नवी औषधे जेथे उपलब्ध व परवडणारी आहेत तेथे कोलिस्टिन पुन्हा मागे सरकत आहे. मात्र या औषधांचा खर्च पेलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी ते आजही आधार आहे.

निष्कर्ष

१. कोलिस्टिन दोनदा बदलले गेले ते रेणूच्या रूपात नव्हे, तर वैद्यकाने त्यास दिलेल्या स्थानाच्या रूपात. औषधाचे मूल्य त्याच्या भोवतालच्या इतर औषधांच्या स्थितीवर अवलंबून असते.

२. बाजूस सारलेल्या औषधाचा अभ्यास थांबवणे महागात पडते. मात्रा, मोजमाप व चाचणी यांबाबतचे मूलभूत प्रश्न औषध परतल्यानंतर, अत्यवस्थ रुग्णांच्या खाटेपाशी सोडवावे लागले.

३. मानवी वैद्यकात न वापरले जाणारे औषध अन्य क्षेत्रांत मुक्तपणे वापरण्यास हरकत नाही, ही समजूत चुकीची ठरली. राखीव औषधाचे रक्षण ते नकोसे असतानाच करावे लागते. गरज भासू लागल्यावर केलेले रक्षण उशिराचे असते.

४. चीनमधील अनुभव पाहता नियंत्रण निष्फळ नसते. वापर घटल्यास प्रतिरोधही काही अंशी ओसरतो.

नवी औषधे आज उपलब्ध होत असताना कोलिस्टिन दुसऱ्यांदा अडगळीत जाण्याच्या मार्गावर आहे. १९७० च्या दशकातही नेमकी हीच परिस्थिती होती. या वेळी त्यास केवळ मागे ठेवणे पुरेसे नाही. त्याच्या अभ्यासात खंड पडू न देणे आणि बंदीची अंमलबजावणी कागदावरून गोठ्यापर्यंत व कुक्कुटपालन केंद्रांपर्यंत पोहोचवणे, ही औषधशास्त्र, पशुवैद्यक, कृषी व विधी या सर्व शाखांची सामायिक जबाबदारी ठरते.